नंदीबैल फिरतीवर

४ फेब्रुवारी

प्रिय अक्का,
साष्टांग नमस्कार.

पत्र पाहून दचकू नकोस. तब्येत ठणठणीत आहे, नोकरी शाबूत आहे आणि तू विणलेला मफलर अजून हरवलेला नाही. पण एक घोळ होऊन बसला आहे आणि तो तुझ्याशिवाय कुणाला सांगायची सोय नाही. वाचून झालं की पत्र फाडून टाक. तुकडे मात्र आमच्या घरासमोरच्या डब्यात टाकू नकोस.

फिरतीवर निघायच्या आदल्या रविवारी मी पुढच्या खोलीत, बायकोच्या शिवणवर्गातल्या चार नंबरच्या मशीनचं शटल बसवत होतो. शटल बसवताना माझं चित्त कुठे असतं ते तुला माहीत आहे. राणीसरकार दारात उभ्या राहून काहीतरी बोलत होत्या. बराच वेळ बोलत होत्या. शेवटी 'मग, चालेल ना?' एवढं कानावर आलं आणि मी सवयीने मान डोलावली. तर तिने काय करावं? माझ्या डोक्यावर हात ठेवला, आत गेली आणि चक्क गाणं गुणगुणायला लागली. एकतीस वर्षांच्या संसारात माझ्या होकारावर ती कधी गुणगुणलेली नाही.

तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही. काल इथल्या शाखेत तिचं पत्र मिळालं. लिहिते, 'आपलं ठरल्याप्रमाणे तयारी सुरू केली आहे. पंधरा एप्रिलच्या आत तुम्ही घरी हवेतच, नाहीतर सगळं मुसळ केरात.' कसली तयारी, काय ठरलं, पंधरा एप्रिलला आहे काय? तिचा वाढदिवस नाही. लग्नाचा वाढदिवसही नाही, तो मला पाठ आहे, गेल्या वर्षीपासून.

तिलाच विचार म्हणशील. अगं, तिच्या चुलतमामांचं प्रकरण आठव. 'मामांना चार दिवस बोलावू का?' याला मी अशीच मान डोलावली आणि मामा चार महिने राहिले. पहिला आठवडाभर तर मी त्यांना मीटर तपासायला आलेला माणूस समजत होतो. त्या वेळी कानाला खडा लावला की यापुढे तिचं बोलणं दोन्ही कानांनी ऐकेन. आता पुन्हा ऐकलं नव्हतं असं कळलं तर माझी धडगत नाही.

तू समोरच राहतेस. तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमची पुढची खोली दिसते. मी कशाला हो म्हटलंय तेवढं शोधून काढ, पण तिला संशय येऊ देऊ नकोस.

बाकी इथलं बरं चाललं आहे. कंपनीने जुन्या मशिनींची शेवटची फुकट दुरुस्ती जाहीर केली आहे, त्यामुळे हा खंडप्राय देश मला उभा-आडवा फिरायचा आहे. हे बंदराचं गाव आहे. लांब पांढरे झगे घालून समुद्राकडे तोंड करून प्रार्थना म्हणणारी मंडळी आहेत, त्यांच्या झगे शिवायच्या मशिनी मी दुरुस्त केल्या. भाषेचं एक अक्षर कळत नाही. पण माझ्या तोंडवळ्यात काहीतरी गोम आहे, अक्का. जिथे जातो तिथले लोक मला आपल्यातलाच समजतात. त्यांच्या म्होरक्याने काहीतरी विचारलं, मी मान डोलावली, आणि आता मी झगा घालून दुसऱ्या रांगेत गातो आहे. शाळेच्या समूहगानात तू मला बजावलं होतंस, 'आवाज काढू नकोस, नुसते ओठ हलव.' ती विद्या इथे फार उपयोगी पडते. येत्या मोठ्या प्रार्थनेपर्यंत ते काही मला सोडत नाहीत.

तुझा,
बाळ्या


१५ फेब्रुवारी

चि. बाळ्यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं, फाडलं आणि तुकडे तुमच्याच घरासमोरच्या डब्यात टाकले, कारण आमच्या बाजूला डबा नाही.

तुला वयाच्या चौपन्नाव्या वर्षीही अक्कल आलेली नाही याचं मला नवल वाटत नाही. आई म्हणायची, पोरगं गुणी आहे, सांगेल त्याला हो म्हणतं. मी तेव्हाच म्हटलं होतं की हा गुण नव्हे, नंदीबैल आहे हा. घरातलं ऐकण्याचं सगळं काम माझ्या वाट्याला आलं आणि तुला नुसते कान मिळाले. मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. दुसऱ्यांची बोलणी ऐकायची नाहीत असा तिथे कडक नियम होता. तो मी बाकीच्या मुलींना नीट समजावून सांगत असे.

असो. उशीचा अभ्रा शिवून घ्यायच्या निमित्ताने काल तुमच्याकडे जाऊन आले. चहा मिळाला. नेहमीपेक्षा गोड होता, म्हणजे तुझी बायको खुशीत आहे. पुढच्या खोलीतला तुझा हत्यारांचा फळीभर पसारा गायब आहे. भिंतीला नवा रंग दिलाय. भिंतीवर वर्गाचं नवं वेळापत्रक लावलं आहे, आणि बाळ्या, खाली बसून वाच, त्यात जिथे जिथे 'बाई' होतं तिथे तिथे 'सर' लिहिलं आहे.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हे सर कोण गं?"

तर हसून म्हणाली, "आहेत एक. यायचेत अजून."

माझा अंदाज असा की तू तिला शिवण शिकवायला एक पुरुष ठेवायची परवानगी दिली आहेस. दिसायला कसा आहे ते कळलं की लिहिते.

त्या झगेवाल्यांना सांग की तुझा आवाज बसला आहे. ते पुण्याचं काम होईल.

अक्का


२७ फेब्रुवारी

प्रिय अक्का,

'सर' हा शब्द मी चष्मा पुसून तीनदा वाचला. असा माणूस ठेवायला मी हो म्हणेन? आता विचार करतो तर वाटतं, म्हणेनही.

मी समुद्रकाठ सोडून आता कोरड्या मुलखात आलो आहे. इथे देव वेगळा, प्रार्थनेची दिशा वेगळी, टोप्यांचा आकार वेगळा. पण बॉबिनमध्ये दोरा अडकला की शिव्या द्यायचा सूर अगदी तिकडच्यासारखाच. शब्द कळत नसूनही मला कुठे काय बिघडलंय ते सुरावरून समजतं. तंबू शिवायच्या जाड सुईच्या मशिनी आहेत, त्या दोन दिवसांत उरकल्या. निघणार तेवढ्यात एका लांब दाढीच्या माणसाने मला हाताला धरून त्याच्या अंगणात नेलं आणि मोकळ्या जागेकडे हात करून पुष्कळ बोलला. मी मान डोलावली. तो रडला आणि माझ्या हाताचं चुंबन घेतलं. तासाभराने दुसरा एक दाढीवाला आला, त्यानेही त्याच अंगणात नेलं आणि तेवढंच बोलला. त्यालाही मान डोलावली. तोही रडला.

ते सख्खे भाऊ आहेत आणि मला बाहेरगावाहून बोलावलेला पंच समजत होते. थोरल्याला अंगणात भिंत हवी होती, धाकट्याला नको होती. दोघंही निवाडा जिंकले. आता थोरला दुपारपर्यंत भिंत बांधतो, दुपारनंतर धाकटा ती पाडतो. दोघांच्या मनात कसलाही राग नाही, दोघं मला आळीपाळीने जेवायला बोलावतात. मात्र भिंतीचं काम पुरं होईपर्यंत पंचाने गाव सोडायचं नाही असं दिसतं.

शेवटी दोघांच्या बायकांनी मिळून मला धान्याच्या ट्रकमध्ये बसवून दिलं. त्यांना माझी योग्यता कळली असावी. हे पत्र मी पोत्यांवर बसून लिहितो आहे, अक्षर सांभाळून घे.

आणि त्या सराचा छडा लाव. केस आहेत का त्याला?

बाळ्या


९ मार्च

चि. बाळ्यास आशीर्वाद.

मन घट्ट कर.

त्याला केस आहेत. पांढरे, पण भरपूर. जहाजावरचा निवृत्त आचारी आहे तो, गल्लीच्या टोकाला राहतो. रोज संध्याकाळी मुली गेल्या की येतो. तो मशीनला हातसुद्धा लावत नाही. दोघं समोरासमोर बसतात, तो कुठल्या कुठल्या भाषांत काहीतरी म्हणतो आणि तुझी बायको त्याच्यामागून म्हणते. मी तुमच्या जिन्यात चप्पल दुरुस्त करत बसले होते. चप्पल चांगली होती, ती आधी तोडावी लागली. चार भाषांतलं काही कळलं नाही, पण अर्थ ते आपल्या भाषेत सांगतात. तेवढं ऐकलं. एक, 'मला एकट्या बाईची खोली हवी आहे.' दोन, 'गाडी इथून किती वाजता सुटते?' तीन, 'हा माणूस माझ्याबरोबर नाही.'

गेल्या आठवड्यात तिने फोटो काढून घेतला, एकटीचा. केस खांद्यापर्यंत कापले. जाड तळव्यांचे बूट आणले आणि घरातल्या घरात घालून फिरते, त्याचा आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येतो.

बाळ्या, मी कोड्यात बोलत नाही. ती तुला सोडून चालली आहे. पंधरा एप्रिलला जाणार, आणि रीतसर जाणार, कारण तुझी परवानगी तिने आधीच घेतली आहे. तू शटल बसवत होतास.

तिची चूक आहे असं मला म्हणवत नाही. पालथ्या घड्यावर एकतीस वर्षं पाणी ओतत राहिली बिचारी. तरीपण तू माझा भाऊ आहेस, मिळेल ती गाडी पकडून ये.

अक्का


२२ मार्च

अक्का,

तुझं पत्र मला डोंगरावरच्या एका मठात मिळालं. मी लगेच निघालो असतो, पण इथे निघतो म्हणून सांगायची सोय नाही, कारण इथे बोलणंच बंद आहे.

मी आलो त्यांच्या अंगरख्यांच्या मशिनी बघायला. काम झालं तेव्हा एका म्हाताऱ्या साधूने खुणेने काहीतरी विचारलं. मी, अर्थातच. दुसऱ्या मिनिटाला माझं डोकं भादरलं, अंगावर अंगरखा आला आणि मौनव्रत सुरू झालं. इथे सगळा कारभार नुसत्या मानेवर चालतो. माझ्यासारख्याने इथे पाऊलच ठेवायला नको होतं. मान डोलावून डोलावून मी चाळीस जणांचे बटाटे सोलायचं, पाणी भरायचं आणि पहाटे घंटा वाजवायचं काम अंगावर घेतलं आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. व्रत परवा संपतं, तोवर फाटकाची किल्ली म्हाताऱ्याच्या कमरेला आहे.

थट्टा पुरे. अक्का, मला ती नसलेलं घर नको आहे. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही, कारण सांगायची वेळ येईल असं वाटलंच नव्हतं.

बटाटे सोलताना एक विचित्र प्रकार होतो. इथे कुणीच बोलत नाही, त्यामुळे मला तिचं बोलणं ऐकू यायला लागलं आहे, जुनं, तेव्हा न ऐकलेलं. ते कानात कुठेतरी पडून होतं म्हणायचं. एकदा मी बंदराच्या गावाहून परत आलो होतो आणि बॅग उघडत होतो. ती म्हणाली होती, "समुद्र कसा वाजतो हो?" मी मान डोलावली होती. 'कसा वाजतो' याला मान कशी डोलावली मी, अक्का?

तिला थांबवून ठेव. काय वाटेल ते कर. तुझी तब्येत बिघडव.

बाळ्या


३१ मार्च

चि. बाळ्यास आशीर्वाद.

मी तुझ्या सांगण्यावरून अंथरूण धरलं. तुझ्या बायकोने मला तीन दिवस कडू काढा पाजला. चौथ्या दिवशी मला तो सोसेना, म्हणून उठून बसले आणि सरळ तिलाच विचारलं, "तू बाळ्याला सोडून चालली आहेस का?"

हे आधीच विचारलं असतं तर एक चप्पल वाचली असती.

ती एवढी हसली की काढ्याची वाटी माझ्या पांघरुणावर उपडी झाली. मग सगळं सांगितलं. रेल्वेने देशभर फिरायचं एक सवलतीचं तिकीट काढलं आहे. पंधरा एप्रिलला तिने गाडीत बसलं पाहिजे, नाही बसली तर तिकीट बाद. तू आजवर ज्या ज्या गावांना जाऊन आलास ती सगळी ती दोन महिने फिरून बघणार आहे, एकटी. तो आचारी तिला वाटेत लागणारी वाक्यं शिकवतो. 'हा माणूस माझ्याबरोबर नाही' हे गाडीत कुणी लगट केली तर म्हणायचं. आणि मुलींची परीक्षा जूनमध्ये आहे, वर्ग बंद ठेवता येत नाही, म्हणून ती नसताना वर्ग सांभाळायला एक सर येणार आहेत. ते सर म्हणजे तू.

मी म्हटलं, "अगं, पण त्याने काही ऐकलंच नव्हतं."

तर म्हणते, "माहीत आहे की मला, अक्का. म्हणून तर शटल बसवायला घेईपर्यंत थांबले. ऐकलं असतं तर हो म्हणाले असते का?"

बाळ्या, मी या बाईला एकतीस वर्षं साधी समजत होते.

आता तुझ्यापुरतं बोलते. तू पंधराच्या आत आला नाहीस तर तिचं जाणं रद्द, कारण वर्ग दुसऱ्या कुणावर टाकायला ती तयार नाही. तिला अडवायचं तर तुला वेगळं काही करावं लागणार नाही. वाटेत कुठेतरी नेहमीसारखी मान डोलाव, आपोआप उशीर होईल आणि कुणी तुला बोल लावणार नाही. पण बूट फार चांगले आहेत तिचे. रोज पुसून ठेवते.

अक्का


८ एप्रिल

प्रिय अक्का,

ती मला सोडून चालली नाही हे वाचून मी शाखेतल्या शिपायाला मिठी मारली. त्याने मला चहा दिला. मग पुढचं वाचलं. तीस मुली, आठ मशिनी आणि मी. दोन महिने. चहा गार झाला.

आता खरं ते लिहितो. मी एका मोठ्या नदीकाठच्या गावात आहे. इथे अर्धी वस्ती होड्यांवर आहे, शिडं शिवायच्या मशिनीसुद्धा होड्यांवरच आहेत. इथल्या एका आजीबाईने आल्या दिवशी माझा चेहरा दोन्ही हातांत धरून काहीतरी विचारलं होतं. पुढचं काय सांगू? मी आता तिचा फार वर्षांपूर्वी परमुलखात गेलेला मुलगा आहे. अठरा तारखेला तिच्या नातीचं लग्न आहे आणि मी नवरीचा मामा आहे. नवरीला मांडवात मी न्यायचं आहे.

म्हणजे बघ, सुंठीवाचून खोकला गेला. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं मामा होऊन बसलो असतो तरी पंधरा तारीख आपोआप टळली असती. अक्का, एक अख्खी संध्याकाळ मी होडीत पाय सोडून बसलो होतो आणि मला फार बरं वाटत होतं. मग नदीचा आवाज यायला लागला. काठाला पाणी लागतं तो. मला वाटलं, समुद्र असा वाजत नाही, तो वेगळा वाजतो. आणि हे तिला सांगता येणार नाही, तिला तो ऐकवावाच लागेल. तिला बरं वाटावं म्हणून मी आजवर प्रत्येक गावाहून किल्ल्या अडकवायची एकेक साखळी आणली. आमच्याकडे एवढ्या किल्ल्या नाहीत.

सकाळी आजीबाईसमोर जाऊन बसलो आणि ठरवलं की आज नाही म्हणायचं. मान आडवी हलेना. खोटं वाटेल तुला, पण सवयच नाही तिला. शेवटी हनुवटी हाताने धरली आणि डावीकडून उजवीकडे नेली. आजीबाईला वाटलं माझी मान आखडली, तिने तेल आणलं. मग मी पाकिटातला राणीसरकारांचा फोटो काढला, तो छातीशी धरला, हाताने गाडीची चाकं करून दाखवली, घराच्या दिशेला बोट केलं आणि डोळ्यांत पाणी आणलं. ते आणावं लागलं नाही, आलंच.

सगळं होडीभर माणूस फोटो बघायला वाकलं. मग आजीबाईने मान डोलावली. तिच्यामागून सगळ्यांनी डोलावली. लहान पोरांनीसुद्धा. मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की समोरच्याने मान डोलावली की कसं वाटतं. खूप छान वाटतं आणि यांना नक्की काय समजलं याची धास्तीही वाटते.

मला वाजतगाजत स्टेशनवर सोडणार आहेत. चौदाला पोचतो.

बाळ्या


२० एप्रिल

प्रिय राणीसरकार,

हे पत्र तुला बंदराच्या गावी मिळेल अशा बेताने टाकतो आहे.

चौदा तारखेला दार उघडून तू मला 'पुढच्या घरी जा, बाबा' म्हणालीस त्याचा मला राग नाही. टक्कल होतं, अंगरखा होता आणि काखेत आजीबाईने आहेर म्हणून दिलेली कोंबडी होती. पण मग माझाच जुना सदरा आणून मला दान केलास, तो उसवलेला होता. चांगला द्यायचास.

वर्ग चालू आहे. पहिल्या दिवशी एका मुलीने काहीतरी विचारलं आणि मी मान डोलावली. तिने पुढच्या खोलीचा पडदा कापून त्याचा परकर शिवला. परकर उत्तम झाला आहे. तेव्हापासून मी नियम केला आहे की मला काही विचारायचं तर आधी माझ्या हातातलं काम काढून घ्यायचं, मग विचारायचं, आणि मी ते त्यांना परत म्हणून दाखवायचं. मुलींना याची फार मजा वाटते. अक्का रोज कोपऱ्यात खुर्ची टाकून बसते आणि मी बरोबर म्हणून दाखवलं की 'हं' म्हणते. कोंबडी चार नंबरच्या मशीनखाली राहते. तिने पायडलवर अंडं घातलं, त्यामुळे ते मशीन सध्या बंद आहे.

संध्याकाळी सगळ्या गेल्या की घर एवढं शांत होतं की मी रेडिओ लावतो आणि त्याला उत्तरं देतो. तुझी आठवण येते. हे मी आधी कधी लिहिलेलं नाही, म्हणून अक्षर जरा वाकडं आलं आहे.

एक विचारायचं राहिलं आहे आणि त्याने माझी झोप उडाली आहे. गाडी सुटली तेव्हा काच बंद होती आणि तू आतून मला काहीतरी सांगत होतीस. बरंच काहीतरी. मला एक शब्द ऐकू आला नाही. काय म्हणालीस?

तुझा,
सर


६ मे

प्रिय अहो,

तुमचं पत्र बंदरावर मिळालं, पण उत्तर लिहायला आज नदीकाठी सवड झाली, कारण इथे मी दोन दिवस मामी आहे.

आधी समुद्राचं. तो घरातल्या सगळ्या मशिनी एकदम चालू केल्यासारखा वाजतो, आणि मग मधेच कुणीतरी पायडलवरचा पाय उचलतं. मी वाळूत बसून राहिले आणि बूट भिजले. तुमच्या झगेवाल्यांनी तुमची फार चौकशी केली. तुमच्यासारखा आवाज दुसऱ्या रांगेला पुन्हा मिळाला नाही असं म्होरक्याने खुणेने सांगितलं. मी तुमचं बिंग फोडलं नाही. कोरड्या मुलखातली भिंत अजून चालू आहे. आता लांबलांबून लोक ती बघायला येतात आणि दोन्ही जावांनी तिथे चहाचं दुकान टाकलं आहे, ते झकास चालतं.

इथे स्टेशनवर उतरले तर समोर वाजंत्री. तुम्ही माझा फोटो छातीशी धरून जे काय केलंत, त्याचा यांनी असा अर्थ लावला की मामा मामीला आणायला गेले आहेत. लग्न थांबवून ठेवलं होतं, माझी वाट बघत. नवरदेव कंटाळून वाळला होता. काल मी नवरीला मांडवात नेलं. आजीबाईंनी माझा चेहरा हातांत धरून काहीतरी विचारलं. मी आचाऱ्यांनी शिकवलेलं वाक्य म्हटलं, 'मला कळलं नाही, पुन्हा सांगा.' त्यांनी पुन्हा सांगितलं. तेही कळलं नाही. मग आम्ही दोघी हसलो. अशा प्रकारे मी देशभर एकदाही कशाला हो न म्हणता हिंडते आहे आणि माझी कुठे काही अडचण झालेली नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं. काचेतून मी काहीच म्हणाले नव्हते.

अक्कांनी मला जायच्या आदल्या दिवशी तुमच्या शाळेच्या समूहगानाची गोष्ट सांगितली होती. म्हणून मी नुसते ओठ हलवत होते. बघायचं होतं, मान डोलावता का. एकतीस वर्षांत तुम्ही न ऐकता डोलावली नाहीत असं एकदाही झालेलं नव्हतं. आणि तुम्ही कान पुढे करून 'काय? काय म्हणालीस?' असं ओरडत गाडीबरोबर धावायला लागलात. हमालाच्या ढकलगाडीवर आपटलात, उठलात आणि परत धावलात, 'ऐकू येत नाही, पुन्हा सांग' म्हणत. फलाटाच्या टोकापर्यंत. टक्कल नुसतं चमकत होतं. डब्यातल्या बायकांनी विचारलं, 'कोण हो हे?' मला 'हा माणूस माझ्याबरोबर नाही' हे वाक्य चार भाषांत येतं, पण मी ते म्हटलं नाही. साखळी ओढून उतरावं असं फार वाटलं. तिकीट फुकट गेलं असतं, म्हणून बसून राहिले.

तेव्हा आता खरंच विचारते. पुढच्या वर्षी आपण दोघं मिळून जाऊ या का? तुम्ही भाषेविना हो म्हणाल आणि मी भाषेसह नाही म्हणेन, म्हणजे हिशेब बरोबर बसेल. हातातलं काम बाजूला ठेवा, नीट वाचा आणि मान न हलवता लेखी कळवा.

तुमची,
मामी

ता. क. : आजीबाईंनी आणखी एक कोंबडी दिली आहे.


१५ मे

प्रिय मामी,

हो.

दोनदा वाचलं, मग अक्काकडून मोठ्याने वाचून घेतलं आणि तिला परत म्हणून दाखवलं. ती 'हं' म्हणाली.

बाळ्या